मामा नसलेले चार दिवस

हैदराबादच्या सहलीचं पहिलं टिपण मी पोळ्याच्या आठवड्यात लिहिलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, मुलगा पाचवं पूर्ण करत आला होता. दोघांनी तोपर्यंत पाहिलेलं सर्वांत मोठं गाव चंद्रपूर, तेही दवाखान्याच्या निमित्ताने. आम्ही चामोर्शीला राहतो. मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. त्याआधी अकरा वर्षं चंद्रपूरच्या कार्यालयात इतरांच्या बातम्या तपासून पुढे पाठवण्याचं काम केलं.

मी स्वतः पहिलं मोठं शहर बाविसाव्या वर्षी पाहिलं. ते नागपूर होतं, मी एकटा होतो, आणि मुलाखतीच्या धास्तीने बसच्या खिडकीबाहेर नीट पाहिलंही नाही. मुलांचं तसं होऊ नये असं मला वाटत होतं. त्यांनी पहिलं मोठं शहर माझं बोट धरून पाहावं आणि पुढे कधी विषय निघाला तर "आम्हाला बाबाने दाखवलं" असं म्हणावं. इच्छा एवढीच होती. तिच्या आड एक माणूस येत होता. तो माझा साळा.

बायकोचा हा धाकटा भाऊ चामोर्शीजवळच्या खेड्यातला. घर तलावातल्या मासेमारीवर आणि थोड्या धानावर चालतं. आयटीआय करून तो हैदराबादला गेला. तिथे उंच इमारतींमध्ये लिफ्ट बसवतो, बिघडलेल्या दुरुस्त करतो. लग्न झालेलं नाही. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन पाण्याच्या पितळी गुंडाला, म्हणजे हंड्याला, टेकवून ठेवलेला असे आणि मुलं त्याच्यासमोर मांडी घालून बसत.

"हे पाय, हा जिना. आपन नुसतं उभं रायचं. चालाचं काम जिनाच करते."

"मामा, पडत नाई का?"

"उतरतानी पडते. मी पयल्या दिवशी पडलो ना! सारे हासले."

माझा मुलगा त्या पडण्यावर इतका खूश होता की ते त्याने आठवडाभर प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. लिफ्ट वर जाते तेव्हा मागून एक वजन खाली येतं, हेही मामानेच दाखवलं. त्यानंतर आमच्या खिडकीच्या गजांवरून एक नाडा लोंबू लागला. त्याच्या एका टोकाला स्टीलचा डबा, दुसऱ्या टोकाला जुनं कुलूप. डब्यात बाहुली बसवून मुलगा तिला वर पाठवी आणि विचारी, "कितवा माळा?"

या कॉलच्या वेळी मी बहुधा शेजारच्या खोलीत बातमी लिहीत असे. सगळं ऐकू यायचं. मुलं मला दिवसभरातलं काही सांगायची ती तुकड्यातुकड्यांनी, दुसरं काहीतरी करता करता. मामाला मात्र सुरुवातीपासून, क्रमाने सांगायची. हा फरक माझ्या लक्षात आला, आणि लक्षात आल्यावर मी तो रोज मोजू लागलो.

सहलीचा विषय मी घरात जेवताना काढला. म्हणालो, आपण एक मोठं तळं पाहू, त्याच्या मधोमध दगडाची मूर्ती उभी आहे.

"मामानं दाखवली," मुलगी म्हणाली. "तिच्या डोक्यावर कबुतर बसते."

माझ्याकडे मूर्तीची उंची होती, ती कुठून आणली याची माहिती होती, नावेची वेळ होती. कबुतराची माहिती नव्हती. मी चारमिनारचं नाव घेतलं. तो मामाने सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर असा तीनदा दाखवला होता. खांबांवरून धावणारी गाडी दाखवली होती. ज्या दुकानात तो रस पितो ते दुकानसुद्धा दाखवलं होतं, आणि मुलांना त्या दुकानदाराची टोपी माहीत होती.

तेव्हा मी काम पद्धतशीर करायचं ठरवलं. मंत्री जिल्ह्यात येतात तेव्हा त्यांच्या दौऱ्याचा छापील कार्यक्रम आमच्याकडे येतो. अमुक वाजता आगमन, अमुक वाजता प्रयाण, मध्ये एका ओळीत 'राखीव'. राखीव म्हणजे त्या वेळात मंत्री काय करतात हे विचारायचं नाही. मी त्याच नमुन्यात आमचा कार्यक्रम तयार केला. सकाळी ९.१५ वाजता चारमिनारकडे प्रयाण. १०.०० वाजता आगमन. ११.३० वाजता नाश्ता व राखीव. मुलाला दुपारी झोप लागते, तिथे दोन तास राखीव. स्टेशनजवळचं लॉज, गरम पाण्याची वेळ, मुलीची उलटीची गोळी, प्रत्येक ठिकाणी शौचालय कुठे आहे हे सगळं त्यात होतं. चार दिवसांचा कार्यक्रम अडीच पानं झाला.

बायकोने तो भाजी निवडता निवडता वाचला.

"याच्यात माया भाऊ कुठी हाये?"

मी पेन घेतलं आणि दुसऱ्या दिवसाखाली लिहिलं : सायं. ५ ते ६, मामाची भेट.

"एक घंटा? तो पालकमंत्री हाये का तुमी?"

मी म्हणालो, त्याला काम असतं.

"अन् लॉजवर काऊन? भाऊ असून लॉजवर रायलो तं लोक का म्हनतीन?"

भावाची खोली चौघांत होती. हे कारण खरं होतं आणि ते मी दिलं. पण ते नसतं तरी मी लॉजच धरलं असतं, हेही खरं आहे.

"तुमी जळता त्याच्यावर," ती म्हणाली. पालकाच्या देठांचा कचरा उचलून ती आत गेली. आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे हे सांगावं तसं ती बोलली होती.

यानंतर जे केलं ते मुद्दाम केलं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं, घराघरात पाहुणे उतरतात. कामासाठी बाहेर गेलेला माणूस वर्षात एकदा गावी येणार असेल तर तो मंडईला येतो. साळाही दरवर्षी भाऊबीजेला आधी आमच्याकडे येई, ओवाळून घेई, आणि दुसऱ्या दिवशी गावी आईजवळ जाऊन मंडई करून परत फिरे. वर्षातली त्याची सलग सुट्टी तेवढीच. म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून चार दिवस हैदराबादेत मामा नसणार होता. मी नेमके ते चार दिवस निवडले आणि कार्यक्रमावर त्या तारखा घातल्या. भाऊबीज बुधवारी होती. गुरुवारी सकाळी चामोर्शीहून आष्टी, गोंडपिपरीमार्गे बल्लारपूर, तिथून गाडी, शुक्रवारपासून रविवारपर्यंत शहर.

बायकोला सांगितलं की तिकिटं त्याच तारखांची मिळाली. हे खोटं होतं. पुढच्या आठवड्यातही जागा होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, भाऊबीजेच्या चौकोनापासून पुढचे चार चौकोन बोटाने मोजले आणि स्वयंपाकघरात परतली. मुलांना मी नेमकी तारीख सांगितली नाही. फक्त 'दिवाळीनंतर' म्हणालो. त्यांनी तेवढंच मामाला कळवलं. मामाला वाटलं, तो परत गेल्यावर आम्ही येणार. त्या दिवशी फोनवर त्याचा आवाज आनंदाने वाढलेला ऐकू आला. मी शेजारच्या खोलीत होतो आणि उठून बाहेर आलो नाही.

तयारी चालू राहिली. चामोर्शीच्या आठवडी बाजारात मी मुलांची गर्दीत चालण्याची तालीम घेतली. मुलगी माझ्या उजव्या हाताला, मुलगा डाव्या. हात सुटला तर आहे तिथेच उभं राहायचं, पळायचं नाही. मिरच्या विकणाऱ्या बाई आमच्या तीन फेऱ्या पाहत होत्या.

"का वं बाई, का हारपलं?"

"काई नाई," मुलगी म्हणाली. "आमी मामाकडे जाऊन राह्यलो. हैदराबादले. बाबा शिकवून राह्यला."

"वा! मामाकडे जाऊन राह्यली, तं बाबाचं का काम?"

बाई स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या आणि मुलाच्या हातात एक पेरू ठेवला. मी मिरच्या न घेता पुढे गेलो.

घरी येऊन मी दोघांच्या खिशात ठेवायला चिठ्ठ्या केल्या. नाव, गाव, माझा नंबर. मुलीने तिची चिठ्ठी वाचली.

"मामाचा नंबर नाई टाकला."

"माझा आहे ना."

"पन हारपलो तं मामा लवकर येईन. तो तिथीच रायते."

हा मुद्दा बिनचूक होता. कुणाच्या बातमीत असती तर मी ही दुरुस्ती लगेच केली असती. त्या तारखांना मामा तिथे नसेल हे तिला सांगणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, चिठ्ठीत जागा नाही. चिठ्ठीचा अर्धा कागद कोरा होता. तिने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चिठ्ठी घडी करून दप्तरात ठेवली.

इथे एक रिवाज सांगायला हवा. आमच्याकडे मामा भाच्यांच्या पाया पडतो. भाची दोन वर्षांची असो की पन्नास वर्षांची, मामा वाकतो. पुण्याकडून बदली होऊन आलेला एक सहकारी माझ्या घरी आला असताना साळा नेमका पोचला आणि दारातच मुलांसमोर वाकला. सहकाऱ्याने खाली वाकून विचारलं, "काही पडलं का?" आम्ही हसलो. नंतर मी त्याला हा रिवाज समजावून सांगितला. सांगताना माझ्या मनात आलं की बापासाठी असं काहीच नाही. बाप रोजचा असतो. तो दारात आला म्हणून पोरं पाय पुढे करत नाहीत. भेटीसाठी त्याला ठरवून दिलेली कोणतीही कृती नाही.

भाऊबीजेला साळा दुपारच्या बसने आला. हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत, त्याच्या म्हणण्यानुसार, भाचीसाठी शहरातल्या सगळ्या रंगांच्या बांगड्या होत्या. मुलगा ओट्यावर आधीच एक पाय पुढे करून उभा होता. साळ्याने त्याचा पाय धरला, कपाळ टेकवलं, मग मुलीचा. मुलीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी ती हसत नाही. मी पंखा चालू करायला आत गेलो. पंखा चालूच होता.

चहा घेताना त्याला दारामागच्या बॅगा दिसल्या.

"भाऊजी, बॅगा कोनाच्या?"

मी उत्तर द्यायच्या आधी मुलगी बोलली. त्या सकाळीच तिला कळलं होतं. "आमी उद्या हैदराबादले जाऊन राह्यलो."

साळा हसला. त्याला गंमत वाटली. "उद्या? पन मी तं इथी आहो."

मुलाने नाड्याचा डबा मध्येच सोडला. "मंग तिथी कोन हाये?"

मी चहाचा कप बशीत ठेवला.

"मंग तिथी कोनीच नाई?" त्याने पुन्हा विचारलं. या वेळी माझ्याकडे पाहून.

मी म्हणालो, तिथे चारमिनार आहे, तळं आहे, प्राणिसंग्रहालय आहे. सरकता जिना आहे.

"पन मामा नाई."

"मामा नाही."

"मंग कायले जाचं?"

साळ्याच्या चेहऱ्यावरून हसू गेलेलं मी पाहिलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने मिठाईच्या डब्याची दोरी सोडायला घेतली. टेबलावर कार्यक्रमाचे कागद होते, ते त्याने उचलले. ओठ हलवत तो वाचू लागला.

"अरे बापरे, भाऊजी. मंत्र्याचा दौरा काढला तुमी." तो वाचत गेला. पहिल्या पानाच्या मध्ये थांबला. "हे शुक्रवारचं. जुन्या वस्तूंचं संग्रहालय शुक्रवारी बंद रायते ना."

मी म्हणालो, मी वेळ पाहिली आहे. साडेदहाला उघडतं.

"वेळ बराबर हाये. वारच चुकला. तिथल्या लिफ्टचं काम होतं तवा आमी शुक्रवारीच जाओ, लोक नसते म्हनून." मग, अगदी सहज, "मले एक फोन कराचा होता ना."

अकरा वर्षं मी इतरांना हेच सांगत आलो होतो. ज्याला माहीत आहे त्याला एक फोन करा. शहरातल्या पहिल्याच दिवसाचं ठिकाण चुकीचं होतं, कारण त्या शहरात ओळखीचा असलेला एकमेव माणूस मी टाळला होता. हे त्याला अजून समजलं नव्हतं. बायकोला समजलेलं होतं. दुसरं पान उलटून तो 'सायं. ५ ते ६, मामाची भेट' या ओळीवर आला. ती ओळ खोडायची राहून गेली होती. त्याने ती वाचली. वर तारीख होती. त्याने तारीखही वाचली.

आता त्यालाही समजलं. तो कागद खाली ठेवून चहा पिऊ लागला. कप रिकामा झाला तरी त्याने तो ओठांना आणखी दोनदा लावला.

"मी नाई जात," मुलगी म्हणाली.

"जाचं, बाई. बाबानं इतकं लिवलं."

"तू चाल मंग."

भाचीने मागितलं की मामाला नाही म्हणता येत नाही. हा भाग लिहून ठेवलेला नाही, पण तसाच पाळला जातो. त्याने क्षणभर विचार केला. "चाल. उद्या मी बी येतो. मंडई का, दरसाल भरते."

"अन् मायले का सांगशीन?" बायकोने विचारलं.

"सांगीन, भाच्यायनं बोलावलं."

"ती दिवाळीच्या आधीपासून अंगन सारवून बसली तुयासाठी."

 बायको माझ्याकडे वळली. "आता तुमीच सांगा."

मला लिहायला आवडलं असतं की त्या वेळी मला सासूबाई दिसल्या. वर्षातून चार दिवस दिसणारा मुलगा आणि सारवलेलं अंगण. पण पहिला विचार तो नव्हता. पहिला विचार असा होता की हा सोबत आला तर शहर हाच दाखवणार. दुसरा विचार असा की हा आला नाही आणि आम्ही गेलो, तर दोन मुलं चार दिवस माझी बोटं धरून मामा नसलेलं शहर पाहतील. सासूबाई तिसऱ्या आल्या. क्रम हा होता.

मी म्हणालो, "मंडई होऊ द्या. आपण नंतर जाऊ."

ओवाळणी झाल्यावर मी तिकिटं रद्द केली. साळा शेजारी बसून होता.  थोड्या वेळाने तो म्हणाला, "भाऊजी, मी काई त्यायले तुमच्यापासून नेऊन नाई राह्यलो." मी म्हणालो, तसं काही नाही. आमच्यात या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

गुरुवारी आम्ही सगळे सासुरवाडीला गेलो. सासूबाईंना बॅगांबद्दल काही कळलं नाही. "जवाईबापू आले, बेस झालं," म्हणत त्यांनी मला खुर्ची दिली आणि तलावातल्या माशांचं कालवण आधी मला वाढलं. मंडईच्या दिवशी मुलगा मामाच्या खांद्यावर होता, मुलीचा हात मामाच्या हातात. मी दोन पावलं मागे चालत होतो. ओळखीचे लोक मला थांबवून रस्त्याच्या, धान खरेदीच्या तक्रारी सांगत होते. त्या मी ऐकून घेतल्या. पाळणा वर गेला की मुलगा खाली पाहून ओरडायचा. कुणाला ओरडतो ते मी दर फेरीला पाहत होतो. नऊ फेऱ्यांपैकी दोनदा माझं नाव आलं.

रविवारी दुपारी साळ्याला निघायचं होतं. सकाळी अंगणात चटई टाकून मुलीने माझ्याकडून नवा कागद मागून घेतला. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं, मामा त्या वेळी सुट्टी काढणार, हे ठरलं होतं. ती सांगू लागली, मी लिहू लागलो. साळा तिच्यामागे बसून वार तपासत होता.

"जिना कोन दाखवते? मामा. लिहा."

मी लिहिलं.

"तळं, मामा. चारमिनार, मामा. रसाचं दुकान, मामा."

"बाबाले बी द्या ना काई," साळा म्हणाला.

मुलीने विचार केला. तिचा विचार बराच वेळ चालला. "बाबा पान्याची बाटली पकडीन."

"बाटली बी मामाच पकडते," मुलगा म्हणाला.

मी पेन उचलून धरलं. साळा खाली चटईकडे पाहत होता. मुलीने भावाला गप्प केलं.

"नाई. मामाचे हात जिन्यावर लागतेत. बाटली बाबाचीच. लिहा."

मी ओळ पूर्ण केली आणि बाटली किती लिटरची हेही विचारून घेतलं.